आमच्या सोसायटीचा ठराव आणि आपलं सोलापूर



मागच्या वेळी चातुर्मासासाठी भाज्या वाळवण्याबद्दल लिहिलं होतं आणि पुढच्या वेळी बिनलसणाच्या शेंगा चटणीचं प्रमाण देईन असं म्हटलं होतं. ते राहू द्या. येत्या रविवारी आमच्या सोसायटीची बैठक आहे आणि तिथे मी काय बोलणार ते आधी तुम्हाला सांगायचं आहे. तुमच्यापैकी काही जणी माझ्याच इमारतीत राहतात. माझ्या तोंडून ऐकण्याआधी दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला नको.

आमची इमारत सोळा घरांची. नऊ घरं जैनांची, त्यात आम्ही हुमड, दोन सैतवाळ, बाकी ओसवाल. चार घरं माहेश्वरी-गुजराती, दोन लिंगायत, एक ब्राह्मण. दोन वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावरच्या काकूंनी फ्लॅट विकायला काढला. काका जाऊन वर्ष झालं होतं, मुलगा पुण्यात, गुडघे दुखतात. आपल्या सोलापुरात घरोघरी असंच आहे, मुलं पुण्याला आणि आईवडील कुलपं सांभाळत. गिऱ्हाईक महिन्याभरात मिळालं. नवराबायको दोघंही शिक्षक, पद्मशाली, पूर्व भागातले. आकडा ठरला अडतीस लाख.

तेव्हा बैठक झाली आणि ठराव झाला की घर विकायचं ते फक्त शाकाहारी कुटुंबाला. ते शिक्षक सरळ माणूस, त्यांनी विचारल्यावर खरं सांगितलं की रविवारी आमच्याकडे होतं. संपलं. काकू गप्प बसल्या. मी कोषाध्यक्ष. इतिवृत्त मी लिहिते, कारण बी.कॉम. झालेली बाई म्हणजे सोसायटीच्या दृष्टीने फुकटची कारकून. पण हा ठराव मी इतिवृत्तात लिहिला नाही. सेक्रेटरी म्हणाले, "हे लिहू नका, तोंडीच राहू द्या." आणि मी पेन खाली ठेवलं. हात मात्र वर केला होता. सोळाच्या सोळा हात वर होते, त्यात काकूंचाही होता.

काकूंचं घर पुढे चौदा महिने कुलूपबंद राहिलं. शेवटी आपल्यातल्याच एकाने साडेतेहतीस लाखाला घेतलं. बाईला गरज आहे आणि दुसरं गिऱ्हाईक येऊ शकत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. परवा मी सहज हिशेब मांडला. किमतीत साडेचार लाखांचा घाटा. चौदा महिन्यांचा मेंटेनन्स, महिना अठराशेप्रमाणे, पंचवीस हजार दोनशे. अडतीस लाख सात टक्क्यांनी बँकेत पडले असते तर चौदा महिन्यांत तीन लाख दहा हजार व्याज. बेरीज सात लाख पंच्याऐंशी हजार. उरलेल्या पंधरा घरांत वाटली तर प्रत्येकी बावन्न हजार येतात. आपली शुद्धता राखण्याचा हा खर्च होता आणि तो एका विधवा श्राविकेने एकटीने भरला. आमच्यापैकी एकीनेही पाच रुपये दिले नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, पैशाचं सोड, धर्माचं बोल. बोलते. पण आधी आपण राहतो त्या गावाबद्दल थोडं बोलू द्या. या दोन वर्षांत मला सारखं वाटत राहिलंय की आपण सोलापुरात राहतो पण सोलापूर बघत नाही.

आपल्या महापालिकेच्या शाळा मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार माध्यमांच्या. महाराष्ट्रात अशी गावं फार नाहीत. माझ्या लहानपणी गावातून पूर्व भागाकडे चालत गेलं की अर्ध्या तासात कानावरची भाषा तीनदा बदलायची. कसब्यात कन्नड मिसळलेली मराठी, पुढे बागवानांची दखनी, आणि कोंतम चौकाच्या पलीकडे मागांचा खडखडाट आणि त्या आवाजावर आवाज चढवून बोलली जाणारी तेलुगू. पद्मशाली लोक तेलंगणातून आलेले विणकर. काही फार आधी आले, आणि १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली, त्याच सुमाराच्या मोठ्या दुष्काळानंतर कामाच्या शोधात आणखी आले. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू या गिरण्या झाल्या. आधी हातमाग, मग यंत्रमाग. ज्या सोलापुरी चादरीला २००५ साली भौगोलिक मानांकन मिळालं, जी आपण लेकीच्या सासरी अभिमानाने देतो, ती त्यांच्या हातची. त्यांच्या बायका घरात बसून विड्या वळत आल्या. सुपात तंबाखू आणि पानं, शेजारी पाळणा. गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत कुंभारीला उभी राहिली ती या विडी कामगार बायकांची.

या गावाचं ग्रामदैवत सिद्धेश्वर. बाराव्या शतकातला शिवयोगी, बसवेश्वरांच्या काळातला, वचनं कन्नडमध्ये. गड्ड्याच्या वेळी संमती कट्ट्यावर जे संमती वाचन होतं ते आजही कन्नडमध्येच, आणि समोर पांढऱ्या बाराबंदीत उभी असलेली निम्मी माणसं घरात मराठी नाहीतर तेलुगू बोलणारी असतात. सात नंदीध्वज, वेगवेगळ्या समाजांच्या मानाचे. आणि तो सोहळा कशाचा, तर एका कुंभाराच्या मुलीने सिद्धरामांशी लग्न करायचा हट्ट धरला आणि त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचं लग्न लावायची परवानगी दिली, त्याची आठवण. आपण काही त्या पूजेला जात नाही. पण संक्रांतीच्या सुमारास अक्षतांचा दिवस आला की माझ्या सासूबाई गच्चीवर जाऊन काठ्यांची मिरवणूक बघायच्या. आपला देव नाही, पण आपल्या गावाचा आहे, असं म्हणायच्या.

त्याच आठवड्यात, १२ जानेवारीला, चार हुतात्म्यांचा दिवस. १९३० च्या मे महिन्यात इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ लावला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याला चौघांना फाशी दिली. मल्लप्पा धनशेट्टी लिंगायत, जगन्नाथ शिंदे मराठा, श्रीकिसन सारडा मारवाडी, आणि कुर्बान हुसेन मुसलमान, 'गझनफर' नावाचं पत्र चालवणारे. आपण चार पुतळ्यांवरून रिक्षाने रोज जातो. शाळेत असताना ही चार नावं एका दमात म्हणायची सवय होती, त्यामुळे ती चार वेगवेगळ्या गल्ल्यांतली आहेत हे कधी डोक्यात आलंच नाही. आज ती चार कुटुंबं आमच्या इमारतीत घर मागायला आली तर? धनशेट्टी आणि सारडांना किल्ली मिळेल. शिंदेंना विचारू, खाता का? हुसेनांना विचारणारही नाही.

आणि आपण? आपण हुमड इथले कधीचे? आमच्या घरात पणजोबांपासूनची गोष्ट आहे की पूर्वज गुजरातच्या ईडर भागातून आले. सासूबाईंची बोली अर्धी गुजराती वळणाची होती, हिशेब मात्र मराठीत. कासार, सैतवाळ इथलेच जुने. अक्कलकोटकडे गेलं की पंचम जैन घरात कन्नड बोलतात. म्हणजे आपण मूठभर, आणि त्यातही आपल्या तीन भाषा. २०११ च्या जनगणनेत सगळ्या देशात जैन साडेचव्वेचाळीस लाख, त्यातले सुमारे चौदा लाख महाराष्ट्रात. २०१४ च्या जानेवारीत आपल्याला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले होते, मीही वाटले. अल्पसंख्याक म्हणजे काय, तर जो बाकीच्यांच्या सोबतीवर जगतो तो, हे वाटताना कुणी बोललं नाही.

तरी या मूठभरांनी इथे किती केलं. हिराचंद नेमचंदांनी 'जैन बोधक' याच गावातून काढलं. त्याच दोशी घराण्यातले वालचंद हिराचंद १८८२ साली इथे जन्मले. जीवराज ग्रंथमालेने 'तिलोयपण्णत्ती'सारखा प्राकृत ग्रंथ छापून जगापुढे ठेवला. पंडिता सुमतीबाईंनी श्राविकाश्रम वाढवला, तिथे कितीतरी विधवा मुली शिकून आपल्या पायावर उभ्या राहिल्या. हे सगळं करायला पैसा लागतो, आणि तो कुठून आला हे मला ठाऊक आहे, कारण मी वह्या बघितल्या आहेत.

माझ्या सासऱ्यांची सुताची पेढी होती. लग्न होऊन आले तेव्हा शिवाजी विद्यापीठाची बी.कॉम.ची पदवी ताजी होती (तेव्हा सोलापूरला वेगळं विद्यापीठ नव्हतं) आणि दिवाळीत वही पूजनाआधी जुनी खाती नव्या वहीत उतरवायचं काम माझ्याकडे आलं. खतावणी उघडली की पानामागून पान येमुल, बुर्ला, गड्डम, कोंडा. मधूनच मोमीन, एखादा स्वामी, एखादा क्षीरसागर. सूत उधार न्यायचं, चादरी विणायच्या, विकल्या की पैसे द्यायचे. लिहून घेतलेला कागद नाही, शब्दावर व्यवहार. आमची दोन्ही मुलं त्या वहीवर शिकली, माझ्या नणंदेचं लग्न त्या वहीवर झालं, मंदिराच्या शिखराला सासऱ्यांनी दिलेली देणगी त्या वहीतली. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, मागही थांबले, तेव्हा पेढीचं बरंच येणं अडकलं. सासऱ्यांनी एक खातं बुडीत म्हणून माझ्याच हातून बंद करवलं होतं. सहा वर्षांनी त्या माणसाचा मुलगा दारात आला, हैदराबादला नोकरी लागली होती, आणि वडील गेलेत म्हणून सांगून मुद्दल मोजून गेला. व्याज घ्यायला सासरे तयार नव्हते. बुडीत खात्यावर जमा कशी लिहायची हे मला कॉलेजात शिकवलेलं होतं, प्रत्यक्ष लिहायची वेळ तेवढी एकदाच आली.

त्याच पूर्व भागातल्या दोन शिक्षकांना मी हात वर करून घर नाकारलं.

एक मुद्दा माझी धाकटी जाऊ काढते, आणि तो खोटा नाही. ती म्हणते, "वहिनी, पूर्वीसुद्धा सगळे आपापल्या पेठेतच राहायचे की. तेलुगू पूर्व भागात, मुसलमान त्यांच्या मोहल्ल्यात, आपण देवळाजवळ. तेव्हा कुणी नावं ठेवली?" खरं आहे. जुनं सोलापूर म्हणजे कुणी बाग लावावी तसं नव्हतं. गिरण्यांच्या काळात इथे तारेचं कुंपण घातलेली सेटलमेंटसुद्धा होती. ज्या जमातींना सरकारने जन्मानेच गुन्हेगार ठरवलं त्यांना कुंपणात ठेवून हजेरी घ्यायचे. तो कायदा १९५२ साली गेला, वस्तीचं नाव अजून आहे. आणि ऑक्टोबर २००२ ची दंगल आणि संचारबंदी आपण सगळ्यांनी दारं लावून काढली आहे. सगळं गोड होतं असं मी म्हणणार नाही.

पण पेठेत आणि आमच्या सोसायटीत फरक आहे. पेठ वेगळी असली तरी दार रस्त्यावर उघडायचं. आमच्या वाड्याच्या समोर तांबोळ्याचं दुकान, दोन घरं सोडून मुसलमान शिंप्याचं घर, मागच्या खोलीत लिंगायत भाडेकरू. लक्ष्मी मंडईतला बागवान अष्टमी-चौदशीला मला हिरवी भाजी देतच नसे. "बाई, आज चौदस ना?" असं तोच आठवण करून द्यायचा, आणि एकदा मीच विसरले होते तेव्हा त्याने माझा नियम वाचवला. आता आपल्या नव्या सोसायट्यांना गेट, वॉचमन, कॅमेरे. भाजी ॲपवरून येते. आमच्या नातवंडांना नागपंचमी, गणपती ठाऊक आहेत, पण मार्कंडेयाचा रथ त्यांनी बघितलेला नाही. नारळी पौर्णिमेला पद्मशाली समाजाचा तो रथ निघतो. त्याच दिवशी आपण मंदिरात विष्णुकुमार मुनींनी सातशे मुनींचा उपसर्ग दूर केला ती कथा ऐकून राखी बांधतो. अनंत चतुर्दशीला आपलं दशलक्षण पर्व पुरं होतं आणि बाहेर विसर्जनाची लेझीम चालू असते. माझा उपवास असतो, डोकं दुखत असतं, लेझमीचा रागही येतो. तरी एकाच दिवशी हे दोन्ही ऐकू येणारं गाव आपलं आहे.

आता मांसाहाराचं. इथे मी कुणाला फसवणार नाही. मला मासळीचा वास सहन होत नाही. मी सूर्यास्तानंतर जेवत नाही, चातुर्मासात पालेभाज्या बंद, कंदमुळं लग्नाआधीपासून खाल्लेली नाहीत, आणि यातलं काही सोडायचा माझा विचार नाही. मागच्या भाड्याच्या घरात असताना वरच्या मजल्यावरून कुणीतरी डक्टमध्ये हाडं टाकायचं आणि ती आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत अडकायची. दोन दिवस मला जेवण गेलं नव्हतं. ही तक्रार खरी आहे आणि ती करायचा मला हक्क आहे. पण तक्रार कचऱ्याची आहे. त्याला नियम करावा, ओला कचरा बांधून द्यायचा, डक्टमध्ये काही टाकायचं नाही, टाकलं तर दंड. हा नियम मी लिहायला तयार आहे, इतिवृत्तात, शाईने. तो सोळाही घरांना लागू होईल. आमच्याच मजल्यावरून डक्टमध्ये कालचं वरण ओतणाऱ्या आहेत, त्यांनाही.

दुसरी अडचण मुनींच्या आहाराची. आमच्या एका मैत्रिणीने विचारलं, "चौका लावला आणि महाराज जिन्यातून येताना काही दिसलं तर? अंतराय होईल, त्याचं पाप कुणाला?" ही काळजी मला हसण्यासारखी वाटत नाही. पडगाहनाला उभं राहून महाराज दारातून परत गेले की काय होतं ते बाईलाच कळतं. पण आम्ही पेठेत वीस वर्षं चौका लावला. ज्या दिवशी संघ गावात असे त्या दिवशी तांबोळी दुकानाला पडदा ओढायचा, शिंप्याची बायको सकाळी अंगणाबरोबर आमच्या पुढचाही रस्ता झाडून घ्यायची. सासूबाई आदल्या संध्याकाळी जाऊन सांगून यायच्या, एवढंच. आता सांगायला जायचं म्हटलं तर शेजारी ओळखीचा असावा लागतो. आपण त्याला आधीच परत पाठवलेला असतो.

मला वाटतं हे सगळं मी मनातच ठेवलं असतं. पण मागच्या महिन्यात दुसरं घर विक्रीला निघालं, एका माहेश्वरी कुटुंबाचं. गिऱ्हाईक आलं ते एसटीतून निवृत्त झालेले गृहस्थ. गळ्यात तुळशीची माळ, बायकोच्याही गळ्यात. तीस वर्षं पंढरीची वारी, घरात अंडंसुद्धा नाही, एकादशीला कांदा-लसूण नाही. मला वाटलं, चला, या वेळी काही प्रश्न नाही. आमच्या ठरावात तर शाकाहारी एवढंच म्हटलं होतं.

सेक्रेटरींनी फोनवर विचारलं, "आडनाव काय म्हणालात?"

आडनाव ऐकल्यावर चौकशी झाली. ते मातंग समाजाचे निघाले. मग ग्रुपवर सुरू झालं. ते खात नसतील पण त्यांचे पाहुणे येतील. उद्या मुलगा खाईल. आज माळ आहे, उद्या काढली तर? लिंगायतांच्या दोन घरांना घेतलं तेव्हा कुणी पाहुण्यांची चौकशी केली नव्हती. आमच्या नऊ घरांतली मुलं पुण्यात, बंगळुरात काय खातात याची चौकशी केली तर किती घरं रिकामी करावी लागतील ते मी इथे लिहीत नाही. तुम्हालाही माहीत आहे.

त्या रात्री मला कळलं की दोन वर्षांपूर्वी मी हात कशासाठी वर केला होता. अहिंसेचं नाव पुढे होतं, मागे दुसरंच होतं.

आपण सगळ्या पाठशाळेत 'रत्नकरंड श्रावकाचार' शिकलोय. आठवा. समंतभद्र आचार्यांनी सम्यग्दर्शनाला बाधा आणणारे आठ मद सांगितले, त्यात कुलाचा मद आणि जातीचा मद वेगवेगळे मोजलेत. त्याच्याच पुढे ते म्हणतात की सम्यग्दर्शन असलेला माणूस मातंगाच्या पोटी जन्मला असला तरी तो राखेखाली झाकलेल्या निखाऱ्यासारखा, देवासमान. शब्द मातंगच आहे. आणि पुढे पाच अणुव्रतांत कोण प्रसिद्ध झालं ती यादी येते, त्यात अहिंसेसाठी पहिलं नाव कुणाचं? यमपाल चांडाळाचं. फाशी देणं हा त्याचा धंदा. त्याने मुनींकडून व्रत घेतलं की चौदशीला जीव मारणार नाही. राजाचा हुकूम आला, याने नकार दिला, राजाने त्याला तळ्यात टाकलं आणि देवांनी त्याला सिंहासनावर बसवलं. ही गोष्ट मी माझ्या दोन्ही मुलांना सांगितली आहे, नातवाला सांगते. आपल्या अहिंसेचं पहिलं उदाहरण म्हणून आचार्यांनी श्रेष्ठी निवडला नाही, राजपुत्र निवडला नाही. त्यांना हाच माणूस सापडला. तो यमपाल आमच्या इमारतीत घर बघायला आला असता तर आम्ही त्याचं आडनाव विचारून परत पाठवला असता, आणि संध्याकाळी त्याचीच कथा वाचली असती.

कायद्याचंही बघून ठेवलंय, कारण रविवारी तो विषय निघणार. कुणीतरी म्हणेल की सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली अहमदाबादच्या पारशी सोसायटीला फक्त पारशांनाच सभासद करायची मुभा दिली. दिली, पण ती त्यांच्या नोंदवलेल्या उपविधीत तशी अट होती म्हणून. आपल्या उपविधीत असं एक अक्षर नाही. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्याचं तेविसावं कलम सांगतं की पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. आणि आपला ठराव कुठे लिहिलेलाच नाही. तो लिहिला नाही यातच तो कसा आहे हे आलं. ज्या नोंदीची लाज वाटते ती नोंद व्यापारीसुद्धा दोन नंबरच्या वहीत ठेवतो.

तर रविवारी मी तीन गोष्टी मांडणार आहे. तो तोंडी ठराव रद्द करावा आणि रद्द केल्याचं इतिवृत्तात लिहावं. कचऱ्याचा आणि डक्टचा नियम सगळ्यांसाठी करावा. आणि एसटीतल्या त्या गृहस्थांना आपण होऊन कळवावं की घर बघायला या. माझा मुलगा म्हणाला, "आई, तुला एकटीला हात वर करावा लागेल." असेल. आमचे हे म्हणाले, "पुढच्या दशलक्षणात मंडळात तुझ्याशी कोण बोलतंय बघ." तेही असेल. वरच्या काकूंना मी पुण्याला फोन केला, तुमच्या बाबतीत चूक झाली म्हणून. त्या जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझाही हात वर होता ना गं." आणि गुडघ्याच्या तेलाचं विचारू लागल्या.

तुमच्यापैकी ज्या आमच्या इमारतीत आहेत त्यांना एवढंच सांगते, बैठक साडेचारला आहे, म्हणजे सूर्यास्ताच्या आत घरी पोचून जेवण होईल. बाकीच्यांनी आपापल्या सोसायटीच्या उपविधींची प्रत काढून वाचा. सेक्रेटरींकडे मागितली की द्यावीच लागते. शेंगा चटणीचं प्रमाण पुढच्या वेळी नक्की.